उमेदवाराचे वजन पाहावे की काम?

निवडणूक आली की प्रचारफेरी आपल्या वस्तीतून जाते. उमेदवार जाड असला की मागून कुणीतरी म्हणतेच, "ह्याला चार पावलं चालवत नाही, हा वॉर्ड काय चालवणार?" सगळे हसतात. आपणही हसतो. पण हे हसणे बरोबर आहे का?

जाड म्हणजे आळशी, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. वजन खाण्यापिण्यामुळे वाढते, तसेच घराण्याकडून आलेली अंगकाठी, थायरॉईड, काही औषधे आणि अपुरी झोप यांमुळेही वाढते. उलट सडपातळ माणसालाही मधुमेह आणि रक्तदाब असतो. आरोग्य नुसते पाहून कळत नाही, ते तपासणीने कळते.

मग उमेदवाराच्या तब्येतीकडे पाहूच नये का? पाहावे, पण नीट पाहावे. अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये आजाराने लुळे पडले. तरी ते चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि कामही केले. मात्र १९४४ मध्ये डॉक्टरांना त्यांचा रक्तदाब फार वाढलेला आणि हृदय कमजोर झालेले आढळले. ही गोष्ट मतदारांना सांगितली गेली नाही. लोकांनी त्यांना पुन्हा निवडले आणि एप्रिल १९४५ मध्ये ते वारले. आजारी असणे हा गुन्हा नाही. आजार लपवून मत मागणे ही मतदाराची फसवणूक आहे.

आपल्याला दूर जायची गरज नाही. संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या दुखण्याने ते बेजार होते. त्यांची प्रकृती पाहून कुणी हे काम दुसऱ्याला दिले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

आपल्याकडे उमेदवाराला शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण लिहावे लागते. तब्येत लिहावी लागत नाही. म्हणून दारात आलेल्या उमेदवाराला आपणच आदराने विचारावे: पाच वर्षे काम करण्याइतकी प्रकृती आहे ना? गेल्या वेळी निवडून आला असाल, तर सभांना किती वेळा हजर होतात? आणि आमच्या तब्येतीसाठी काय करणार? दवाखान्यात साखरेची आणि रक्तदाबाची गोळी दर महिन्याला मिळेल का? नळाचे पाणी स्वच्छ येईल का? गटार कधी झाकणार?

आणि एक काम आपले स्वतःचे. दुसऱ्याचे पोट मोजण्याआधी घरातली शिवणाची टेप काढून आपली कंबर मोजू या. पुरुषाची ९० सेंटीमीटरपेक्षा, बाईची ८० पेक्षा जास्त भरली, तर साखर आणि रक्तदाब तपासून घेऊ या. मत द्यायला आपणही धडधाकट असायला हवे.