मण्यात पाणी उतरेपर्यंत (गीता १८.३७)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला ३७वा. सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं वाटतं आणि शेवटी अमृतासारखं होतं, असं भगवान सांगतात. त्याच्या आधीच्या श्लोकात म्हटलंय की हे सुख अभ्यासाने रुचू लागतं. मग सुरुवात आणि शेवट यांच्या मधे काय घडतं?

गेल्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला, "चाळीस दिवस जप करतोय, चिडचिड तशीच आहे. सोडून देऊ का?" त्याला मी द्राक्षबागेबद्दल लिहिलं. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं लावतात, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच.

आपल्याकडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. घड दिसतो तो ऑक्टोबरनंतर. पण त्याची सुरुवात उन्हाळ्यातच, नव्या काडीवरच्या डोळ्यांत झालेली असते. तेव्हा बाहेरून नुसती पानंच दिसतात.

फुलोऱ्यानंतर मणी धरतो आणि तीन टप्प्यांत वाढतो. पहिल्या टप्प्यात तो भराभर फुगतो, पण आत साठतं ते टार्टारिक आणि मॅलिक आम्ल. दुसऱ्या टप्प्यात वाढ जवळजवळ थांबते. मणी हिरवा, कडक आणि सगळ्यात आंबट असतो तो याच वेळी. मग एक दिवस शेतकरी म्हणतात, "मण्यात पाणी उतरलं." मणी मऊ पडतो, पुन्हा फुगू लागतो, मॅलिक आम्ल कमी होत जातं आणि साखर झपाट्याने वाढते.

ही साखर मणी स्वतः बनवत नाही. ती पानांत तयार होते आणि देठातून मण्यात येते. म्हणून घड तोडला की गोडी वाढायची थांबते. आंबा आढीत पिकतो, द्राक्ष पिकत नाही. तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघतात ते त्यासाठीच.

मला या श्लोकाचा अर्थ इथे उलगडतो. रोजचा जप, वाचन म्हणजे पानांचं काम. मनातला आंबटपणा आपण ओढूनताणून गोड करू शकत नाही, पण वेलीला जोडलेले राहू शकतो. मधल्या टप्प्यात मणी वाढत नाही म्हणून शेतकरी पाणी बंद करत नाही, भुरीकडे दुर्लक्षही करत नाही. आणि सगळ्यात आंबट दिवसांत घड तोडला, तर तो कायमचा आंबटच राहतो.

आपण कोडमध्ये बदल केला की लगेच रन करून आउटपुट बघतो. साधनेचं तसं नाही. "आज किती शांत झालो?" हे रोज मोजायला गेलं की वैतागच वाढतो.

आजचा संकल्प: जी साधना सोडावीशी वाटतेय, ती आज फक्त दहा मिनिटं करा. फळ मोजू नका. देठ तेवढा तुटू देऊ नका.

राम कृष्ण हरी 🙏