ताटलीभर पाण्यातला बेडूक

पालकहो, हल्ली मोबाईलमधल्या खेळांत आणि व्हिडिओंत ॲक्सोलॉटल नावाचा प्राणी हमखास दिसतो. गुलाबी अंग, मानेशी पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखं तोंड. राहणारा मेक्सिकोचा, पण बीड जिल्ह्यातल्या आपल्या चकलांब्यातल्या चिमुरड्यांनाही त्याचं नाव पाठ असतं. त्यात काही वाईट नाही, उलट मला बरंच वाटतं. फक्त एक राहून जातं. आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या आंबोलीला, तेवढाच अनोखा आणि तेवढाच संकटात सापडलेला एक जीव राहतो आणि त्याची ओळख आपण मुलांना करून देत नाही. ती करून द्या, असा माझा आग्रह आहे. आपली मुलं त्याला जितकी समजून घेतील, तितकी मोठ्या शहरातली मुलं घेऊ शकणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

त्याचं नाव आंबोली टोड. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा, खरबरीत कातडीचा, पिवळसर तपकिरी बेडूक. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातही ‘टायगेरिना’ आलं. २००९ साली बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला. त्याचा एकच जवळचा भाऊबंद आहे, कोयनेचा टोड. या दोघांसाठी शास्त्रज्ञांनी वेगळं घराणंच मांडलं. जगाच्या पाठीवर आंबोली टोडचं घर म्हणजे आंबोली परिसरातले सडे, बस्स. म्हणून त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात पाहिलंत तर आपल्या बरडासारखंच दिसतं आणि लोक त्याला पडीकच म्हणतात. पण पावसाच्या पहिल्या सरी आल्या की दगडातल्या खळग्यांत पाणी साचतं आणि हे बेडूक बाहेर पडतात. मादी त्या उथळ पाण्यात अंडी घालते, तीही थोडकीच, काही डझन. आपल्या अंगणात येणारा नेहमीचा खरबरीत बेडूक हजारोंनी अंडी घालतो, ते आठवून पाहा. त्यात खळग्यातलं पाणी बोटा-दोन बोटांचं. मध्येच पाऊस थांबला, ऊन पडलं, की दगड तापतो आणि पाणी आटतं. शेपटीवाल्या पिल्लांना पाय फुटण्याआधी पाणी संपलं तर सगळंच संपतं.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या बीड जिल्ह्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एवढ्या पावसाच्या गावात पाण्यावाचून पिल्लं मरतात, हे पुण्या-मुंबईच्या मुलाला समजावून सांगावं लागेल. आपल्या मुलाला नाही. कपाशी उगवून आली आणि पावसानं ओढ दिली की घरातली बोलणी कशी बदलतात, बाप किती वेळा आभाळाकडे बघतो, हे त्यानं चार-पाच वर्षांच्या वयातच पाहिलेलं असतं. ही समज त्याच्याजवळ आधीच आहे, तिथूनच सुरुवात करा.

एक ताटली घ्या. तिच्यात तळ झाकेल एवढंच पाणी घाला आणि ती उन्हात फरशीवर ठेवा. मुलाला जवळ बसवून सांगा, ‘या एवढ्याशा पाण्यात एक बेडकीण अंडी घालून गेली आहे.’ कडेचं पाणी आधी मागे सरतं, मग मध्ये थेंबभर पाणी उरतं. मूल गप्प होऊन बघतं. मग बहुतेक मुलं तांब्या आणायला धावतात. धावू द्या. परत आल्यावर सांगा, की सड्यावर तांब्या घेऊन कोणी नसतं, तिथं पाऊसच परत यावा लागतो. कधी वेळेवर येतो, कधी येत नाही. लहान मूल एवढं खरं झेलू शकतं.

‘हा प्राणी संपत चाललाय’ हे वाक्य मात्र पहिल्याच दिवशी बोलू नका. ज्याच्याशी अजून ओळखच नाही, त्याच्या मरणाची बातमी देऊन पोरगं फक्त घाबरतं. आधी पट्टे, खळगा, पिल्लांची शेपटी, ती हळूहळू नाहीशी होणं, हे सगळं त्याच्या मनात राहायला येऊ द्या. पुढे मूल स्वतःच विचारेल, तेव्हा खरं तेच सांगा.

दरम्यान गावातले बेडूक दाखवायला विसरू नका. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यापाशी लांबूनच उभे राहा. मोठ्या बेडकाचा नर पिवळाजर्द होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात. पोरं दगड उचलतील, मीठ टाकायला बघतील. तिथं ओरडण्यापेक्षा कारण सांगा: बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. आपल्या हाताला मीठ, घाम, कधी फवारणीच्या औषधाचा अंश असतो, तो सरळ त्याच्या अंगात जातो. म्हणून बघायचं, धरायचं नाही. चुकून हात लागलाच तर हात धुवायचे, कारण काही बेडकांच्या कातडीतला स्राव आपल्याला झोंबतो. आणि बेडकानं चामखीळ येते हे घरात कोणी म्हणालं तर तेवढं दुरुस्त करा, ती विषाणूमुळे येते.

आजीला पाऊस मागणाऱ्या धोंडीची गोष्ट सांगू द्या. अंगाला लिंबाचा पाला बांधलेला पोरगा, काठीला बांधलेला बेडूक आणि दारोदारी ओतलेलं पाणी. जुन्या माणसांनी पाऊस आणि बेडूक यांची सांगड घातली होती, हे मुलांना कळायला हवं. बेडूक न बांधताही ती सांगड राखता येते, हे आजीनंच सांगितलं तर नातवंडं ऐकतात.

‘मग तो आपल्याकडेच आणून पाळूया ना,’ असं एखादं मूल म्हणेलच. इथं ॲक्सोलॉटल कामाला येतो. जगभर काचेच्या टाक्यांत तो भरपूर आहे, मेक्सिकोनं २०२१ साली त्याला पन्नास पेसोच्या नोटेवरही छापलं. पण मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या ज्या पाण्यातला तो मूळचा, तिथं १९९८ साली चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार असायचे, २०१४ पर्यंत ते चाळीसच्याही खाली आले. टाकी भरली, घर रिकामं झालं. आंबोली टोडला तर टाकी नकोच, सडा हवा.

कधी पावसाळ्यात आंबोलीला जाणं झालंच, तर गाडी सड्यावर चढवू नका, रात्री रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि खळग्यांतून पाय टाकत चालू नका. पुढच्या सीटवरून रस्त्यावर नजर ठेवायचं काम पोरीला द्या. अंगठ्याएवढं काही उडी मारताना दिसलं की ती बाबांना थांबायला सांगेल.