घाटाच्या माथ्यावर घर असेल तर

बुलढाणा शहर घाटमाथ्यावर आहे आणि आमची वस्ती राजूर घाटाच्या बाजूला. फाल्गुनात डोंगरातलं गवत वाळून खडखडीत होतं, खाली सागाच्या पाल्याचा थर साचतो. मग धुरा जाळायला लावलेली एक काडी किंवा फेकलेली बिडीसुद्धा पुरते. एका उन्हाळ्यात दरीत धूर दिसला तेव्हा वस्तीत सगळे म्हणत होते, "आग खाली हाये, इथं वर कायले येते?"

पण वणवा उतारापेक्षा चढावर जोरात पळतो. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. त्यात दुपारचा वाराही दरीतून वर येणारा. माथ्यावर राहणाऱ्यांनी खालच्या धुराकडेच आधी बघायला हवं.

ज्वाळा वस्तीपर्यंत पोचल्याच नाहीत, तरीही नुकसान झालं. वाऱ्यावर उडालेला जळका पाला शेजारच्या गोठ्यामागच्या कुटारात पडला. कुटारातून आग पऱ्हाट्यांच्या गंजीला लागली, गंजीतून छपराला. दावं कोयत्याने कापलं म्हणून गुरं वाचली. गाठी सोडत बसायला वेळच नव्हता. कॅलिफोर्नियातलं पॅराडाईज गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं, तिथेही आगीच्या पुढे उडालेल्या निखाऱ्यांनी घरं पेटवली. त्या वणव्यात ८५ माणसं गेली.

म्हणून माझा सगळा आग्रह घराभोवतीच्या जागेसाठी आहे. कुटार, तुराट्या, सरपण घरापासून लांब ठेवा, दरीच्या बाजूला तर नकोच. टिनांवरचा पाला झाडून काढा. वनखातं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतं आणि जाळरेषांची कामं त्याआधी उरकायची असतात. आपणही घरामागचं गवत माघातच कापावं. कापावं म्हणतो, जाळावं नाही. पाण्याचे ड्रम भरून ठेवा, कारण आगीत वीज जाते आणि मोटार चालत नाही.

धूर दिसताच वनखात्याला १९२६ वर आणि अग्निशमनला १०१ वर कळवा. म्हातारी माणसं, लेकरं आधी हलवा. आग खालून येत असेल तर चढावर पळू नका, आडवं निघून मोकळ्या नांगरटीत या. अंगावर सुती कपडे असू द्या. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

विझल्यावरही पहारा हवा. सागाचं खोड, उकिरडा आतून धुमसत राहतो. आमच्याकडचा उकिरडा दुसऱ्या दुपारी वारा सुटल्यावर पेटला. फावड्याने तळापर्यंत उकरा, पाणी ओता, पुन्हा उकरा. आतून वाफ येणं थांबेपर्यंत तिथून हलू नका.