ग्रामीण विणकाम वर्ग : लक्ष्यांक कोणाचा, उद्दिष्ट कोणाचे?

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड हे मोठे गाव आहे. (अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातही याच नावाचे गाव आहे, पुढील विवेचन बहुतांशी त्यालाही लागू पडावे.) हा सारा मुलूख कापसाचा. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की घरातील स्त्रियांना दुपार अशी उरतच नाही. उलट फाल्गुन सरला की चैत्र-वैशाखाच्या दुपारी उन्हामुळे घरातच काढाव्या लागतात. अशा गावात लोकरीचे विणकाम शिकविण्याचा वर्ग केव्हा भरवावा, त्यात काय शिकवावे आणि शिकणारीने स्वतःपुढे कोणते उद्दिष्ट ठेवावे, हा या लेखाचा विषय आहे.

हस्तव्यवसायाच्या वर्गांची आपल्या राज्यातील परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने स्त्रियांच्या शिक्षणाला हस्तव्यवसायाची जोड दिली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम मानावे, असा विचार मांडला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला शालेय शिक्षणात स्थान दिले. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७९ मध्ये ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षणाची ‘ट्रायसेम’ योजना आली आणि १९९९ मध्ये ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. योजना बदलल्या, वर्ग मात्र या ना त्या नावाने चालू राहिले.

या वर्गांच्या अहवालात एक रकाना हमखास असतो : प्रशिक्षणार्थींची संख्या. तो कार्यालयाचा लक्ष्यांक होय, आणि तो असण्यात गैर काही नाही. परंतु वीस जणी वर्गाला आल्या, वीस प्रमाणपत्रे वाटली गेली, एवढ्यावरून त्यांपैकी कितीजणी पुढच्या वर्षी सुया हाती धरतील हे कळत नाही. शिकणारीचे उद्दिष्ट ही वेगळी वस्तू आहे. ते तिच्या वहीत, तिच्या हस्ताक्षरात आणि मोजता येईल अशा रूपात लिहिलेले असावे लागते. ‘मला विणकाम शिकायचे आहे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘या पंधरवड्यात मी सुटलेला टाका मदतीवाचून उचलायला शिकेन’ हे उद्दिष्ट होय, कारण पंधरा दिवसांनी ते साधले की नाही, हे तिला स्वतःलाच सांगता येते.

पहिले काम स्वेटर का नसावे?

प्रथेनुसार वर्गाचा शेवट स्वेटरने होतो. याचा हिशेब एकदा मांडून पाहू. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके व ३० ओळी बसतात असे धरले, तर ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब पाठीसाठी ११० टाके व १८० ओळी, म्हणजे १९,८०० टाके होतात. पुढची बाजू तेवढीच. दोन बाह्यांचे मिळून सुमारे १६,०००. मुंडा व गळा यांची घट वजा केली तरी बेरीज पन्नास हजारांच्या आसपास राहते. नवशिकी मिनिटाला पंधरा टाके विणते असे मानल्यास ५५ तास लागतात. रोज एक तास बसणारीला जवळजवळ दोन महिने. महिनाभराचा वर्ग संपतो तेव्हा तिच्या हाती फार तर पाठ आणि पुढच्या बाजूचा थोडा भाग असतो. मग तो गुंडा, त्या सुया आणि ते अर्धे काम ट्रंकेत जाते.

याच हिशेबाने उत्पन्नाचा प्रश्नही तपासावा. एवढ्या तासांची मजुरी शेतमजुरीच्या दराने लावली, वर लोकरीची किंमत मिळविली आणि ती रक्कम बाजारात मिळणाऱ्या लुधियानाच्या यंत्रावरील स्वेटरच्या किमतीशेजारी ठेवली, तर गावात गिऱ्हाईक का मिळत नाही हे स्पष्ट होते. वर्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात उत्पन्नाचे आश्वासन देण्यापूर्वी हे गणित फळ्यावर मांडावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. विणकामाने गरज भागते, एखाद्या वेळी सणासुदीला चार पैसेही मिळतात. पण रोजंदारीला पर्याय म्हणून ते पुढे केले तर फसगत बाईची होते.

तरीही हे काम हलके नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातील स्त्रियांनी घरोघरी लोकरीचे कपडे विणले. ज्यांनी बर्फ कधी पाहिले नव्हते, अशा प्रदेशांतील हातही त्यात होते. त्या वेळी प्रत्येकीला ठाऊक होते की आपण काय, कोणासाठी आणि किती दिवसांत पुरे करायचे आहे.

टोपडे : तीन हजार टाक्यांचे काम

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट आहे. या भागात कमी वजनाच्या, म्हणजे अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची काळजी हा आरोग्य यंत्रणेपुढचा नित्याचा प्रश्न आहे. असे बाळ शरीराची उष्णता लवकर गमावते, आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने डोक्यावाटे जाणारी उष्णता बरीच असते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ‘कांगारू’ पद्धत आज जगभर मान्य आहे. तीत बाळाला आईच्या उराशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात आणि त्याच्या डोक्यावर टोपडे घालतात. वर्गाचे पहिले काम म्हणून हे टोपडेच घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

१० सेंटिमीटरला २४ टाके बसत असतील तर ७६ टाक्यांचा घेर सुमारे ३२ सेंटिमीटर भरतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे टोपडे किंचित ताणून नीट बसते. सुरुवातीच्या आठ ओळी दोन सुलट, दोन उलट अशा काठाच्या विणाव्यात (७६ ला ४ ने भाग जातो, म्हणून ही संख्या सोयीची). नंतर सुलट बाजूने सुलट आणि उलट बाजूने उलट, अशा एकूण ३६ ओळी होऊ द्याव्यात. मग एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणून ३८, एक साधी ओळ, पुन्हा दोन-दोन एकत्र करून १९, आणि शेवटी धागा त्या १९ टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा. मागची शिवण घातली की टोपडे तयार. सारे मिळून तीन हजारांहून थोडे कमी टाके, म्हणजे सव्वातीन तासांचे काम. रोज एक तास बसणारी चौथ्या दिवशी ते हातावेगळे करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी घेर याहून लहान लागतो. तो परिचारिकेला विचारून ठरवावा.

या एवढ्याशा वस्तूत टाके घालणे, सुलट, उलट, काठ, घट आणि शिवण अशी सहा कौशल्ये येऊन जातात. स्वेटरमध्येही याहून फारसे वेगळे काही नसते.

सूत की लोकर?

कापसाच्या प्रदेशात सुती धागा वापरावा हे म्हणायला सोपे आहे, परंतु शिक्षिकेने दोहोंतील फरक आधी हातांना समजावून द्यावा. लोकर ताणली तरी पूर्ववत होते. सूत होत नाही. त्यामुळे सुती काठ लवकर सैल पडतो आणि त्यासाठी बारीक सुया घ्याव्या लागतात. आपल्याकडे दुकानांत अजूनही सुया जुन्या इंग्रजी क्रमांकाने मागितल्या जातात, आणि त्यात क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते : ८ क्रमांकाची ४ मिलिमीटर, १० ची सव्वातीन, १२ ची पावणेतीन. अंग १० क्रमांकावर विणायचे असेल तर सुती काठ १२ वर विणावा. सूत धुतल्यावर आटते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र वैशाखातल्या घामेजल्या हातांना लोकर चिकटते आणि सूत चिकटत नाही, बाळाचे सुती टोपडे गरम पाण्यात धुता येते, हे त्याचे मोठे गुण होत.

धागा कोणताही असो, कामापूर्वी नमुन्याचा तुकडा विणलाच पाहिजे. तीस टाके घालून १२ सेंटिमीटर उंचीचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा, न ताणता सपाट ठेवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजावेत. हा उपदेश मी अनुभवाने करीत आहे. माझ्या पहिल्या स्वेटरच्या वेळी मला हा तुकडा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला होता. २२ ऐवजी २० टाके बसत होते. फरक दोनच टाक्यांचा. पण त्या हिशेबाने ११० टाक्यांची पाठ ५० ऐवजी ५५ सेंटिमीटर झाली, पुढची बाजूही तशीच, आणि वडिलांसाठी विणलेला स्वेटर शेजारच्या धिप्पाड काकांना द्यावा लागला. काकांनी तो पुढे कित्येक हिवाळे आनंदाने वापरला, ही गोष्ट वेगळी.

हा मोज हाती आला की पुस्तकातील नमुन्यावर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही. मूळच्या इंग्लंडच्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनी टक्केवारीची एक रीत रूढ केली. छातीच्या घेराचे टाके १०० मानले तर मनगटाला सुमारे २०, दंडाला ३३ आणि गळ्याला ४० टाके लागतात. वरील स्वेटरचा घेर २२० टाक्यांचा. म्हणजे मनगट ४४, दंड सुमारे ७३, गळा ८८. शिक्षकांनी हे उदाहरण गणिताच्या तासाला घ्यावे. शेकडेवारी मुलींच्या आणि मुलांच्याही बोटांत बसेल. विणकाम मुलींचेच, असा नियम कोणत्याही अभ्यासक्रमाने केलेला नाही.

पुढची पायरी ज्याने त्याने आपली ठरवावी. एखादीला जाळीची वीण आवडेल. तीत धाग्याचा वेढा देऊन एक टाका वाढवायचा आणि लगेच दोन एकत्र विणून तो घटवायचा, म्हणजे संख्या कायम राहून मध्ये छिद्र पडते. दुसरीला वेणी घालावीशी वाटेल. त्यासाठी तिसऱ्या छोट्या सुईवर दोन-तीन टाके थोपवून पुढचे आधी विणतात. अशी अवघड वीण सुरू करण्यापूर्वी एका बिनचूक ओळीतील सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवावा. पुढे चूक झाली तर काम त्या दोऱ्यापर्यंतच उसवते. एखादाच टाका सुटला असेल तर उसवूही नये. क्रोशाच्या सुईने तो पायरी-पायरीने वर चढवावा. माझ्या मते नव्या विणीपेक्षा ही दुरुस्ती आधी शिकवावी, कारण अनेकजणी काम सोडतात ते चुकीपाशीच.

वहीत प्रत्येक कामाला एक पान द्यावे : नमुन्याचा तुकडा टाचलेला, सुईचा क्रमांक, १० सेंटिमीटरमधील टाके, सुरुवातीची व समाप्तीची तारीख, आणि जिथे अडले ती जागा. पर्यवेक्षणासाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी हजेरीपटाबरोबर अशा चार-दोन वह्या चाळल्या तर वर्गाची प्रगती त्यांना अहवालापेक्षा लवकर कळेल. पंचायतीने सुया व पहिले दोन गुंडे पुरवावेत, बसायला सावलीची जागा द्यावी आणि वर्ग चैत्रात सुरू करावा. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते म्हणून माघात घाईने वर्ग उरकू नये. त्या वेळी अनेक घरी शेवटची वेचणी शिल्लक असते.

तयार टोपडी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे देताना काही पथ्ये पाळावीत. टोपड्याला बांधायची नाडी, बटण किंवा गोंडा लावू नये. जाळीची वीण टाळावी, तीत बाळाची बोटे अडकतात. शिवणीची गाठ बाहेरच्या अंगाला ठेवावी. सर्व टोपडी धुऊन, कडक उन्हात वाळवून, घेराप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत बांधून परिचारिकेच्या हाती द्यावीत आणि कोणत्या बाळाला, किती वेळ घालायचे, हे तिच्यावर सोपवावे. निरोगी बाळ घरात झोपलेले असताना त्याच्या डोक्यावर टोपडे ठेवण्याची सहसा गरज नसते.