कार-टी उपचार : कोणासाठी, कशासाठी?

प्रश्न : मुंबईत तयार झालेला कार-टी उपचार केमोथेरपीपेक्षा वेगळा कसा? तो कोणत्याही कॅन्सरवर चालतो का?

उत्तर : केमोथेरपीत औषधे देतात; या उपचाराचा कच्चा माल मात्र रुग्णाचेच रक्त. त्यातल्या टी-पेशी यंत्राने वेगळ्या काढतात आणि निष्प्रभ केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग या पेशी कॅन्सरग्रस्त बी-पेशींवरचे सीडी-१९ हे प्रथिन अचूक हेरतात आणि त्या बी-पेशींना मारतात. या टी-पेशींची संख्या वाढवून त्या शिरेतून रुग्णाला परत दिल्या जातात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशातल्या अशाच उपचाराच्या मानाने इथला खर्च जवळपास दहाव्या हिश्श्याचा. तरीही तो लाखांच्या घरात जातो.

सरसकट सगळ्या कॅन्सरवर मात्र तो चालत नाही. आधीच्या उपचारांना दाद न देणारा किंवा उलटलेला बी-पेशींचा ल्युकेमिया अथवा लिम्फोमा, एवढाच त्याचा आवाका. स्तन किंवा फुप्फुसाच्या गाठींसाठी तो नाही.

धोकेही आहेत. प्रतिकारशक्ती एकदम खवळली, की तापाचा भडका उडतो, रक्तदाब उतरतो. निरोगी बी-पेशींवरही सीडी-१९ असल्याने त्याही मारल्या जातात आणि पुढे काही महिने जंतुसंसर्गापासून जपावे लागते. त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञ आधी कॅन्सरच्या पेशींवर सीडी-१९ आहे का, हे तपासतात आणि हृदय, मूत्रपिंडे कितपत साथ देतील, याचा अंदाज घेतात.