घटक ६ : छोट्या गावातील विनोदी रहस्यकथा आणि स्वतंत्र लेखक

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विनोदी रहस्यकथेचे घटक आपणांस ओळखता येतील, आपल्या परिचयाच्या गावावरून अशा कथेचा आराखडा तयार करता येईल, कथेतील बोलीचा वापर चिकित्सकपणे तपासता येईल आणि स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करताना लेखकावर येणाऱ्या जबाबदाऱ्या सांगता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रहस्यकथा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम शहर येते. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक वाचनालयांतून घरोघर पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी हा वाचकवर्ग सांभाळला. या कथांचा आत्मा वेग आणि धाडस हा होता. समीक्षेने त्यांच्याकडे फारसे वळून पाहिले नाही, हे समीक्षेचे नुकसान होय.

इंग्रजीत रहस्यकथेची एक निराळी शाखा वाढली. ॲगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी वृद्ध स्त्री. १९३० साली तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. विणकाम, बागकाम आणि शेजाऱ्यांच्या स्वभावाचे निरीक्षण एवढ्या भांडवलावर ती पोलिसांच्या आधी उत्तरापर्यंत पोहोचते. या वळणाच्या कथांना आज ‘कोझी’, म्हणजे उबदार, रहस्यकथा म्हणतात. त्यांत हिंसेचे वर्णन नसते, शोध घेणारी व्यक्ती हौशी असते, पात्रे एकमेकांना ओळखतात आणि शेवटी गावाची विस्कटलेली घडी पुन्हा बसते. विनोद हा त्यांचा नित्याचा सोबती.

६.२ मराठीतील दोन आधार

असे लेखन करू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाला केवळ परक्या नमुन्यावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. तो संकटात सापडतो, चोरांच्या मागे लागतो आणि चकित झाला की ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. या एका ध्वनीने पात्र कायमचे लक्षात राहते. ध्वनिविचाराचा इतका किफायतशीर उपयोग मराठी कथेत क्वचितच झाला असेल.

दुसरा आधार द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) यांची भोकरवाडी. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर ही मंडळी कथेमागून कथेत भेटतात. भोकरवाडीच्या कथा रूढ अर्थाने रहस्यकथा नव्हेत; मात्र मालिकेसाठी लागणारे सर्व साहित्य तेथे सिद्ध आहे. गाव काल्पनिक, माणसे ठरावीक, त्यांचे स्वभाव पक्के आणि कोणतीही क्षुल्लक घटना साऱ्या गावाला कामाला लावण्यास पुरेशी. वाचक पुढील कथा उघडतो तो या माणसांना पुन्हा भेटण्यासाठी.

६.३ प्रकाशा : एक आराखडा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील प्रकाशा हे गाव तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसले आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून त्याची ख्याती आहे. केदारेश्वराचे मंदिर आणि घाट, अस्थिविसर्जनासाठी येणारी कुटुंबे, गौतमेश्वराची बारा वर्षांनी भरणारी सिंहस्थ यात्रा, तापीवरील बॅरेज, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरची वर्दळ, भोवताली ऊस, केळी आणि पपई. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस येणे हे नित्याचे, म्हणून तो संशयास्पद ठरत नाही. आणि गावातला माणूस मात्र दर पावलाला कोणाच्या तरी नजरेखाली असतो. रहस्यकथेला या दोन्ही गोष्टी हव्या असतात.

समजा, आपण या परिसरावरून एक काल्पनिक संगमगाव रचले. श्रावणात धर्मशाळेत एक गृहस्थ उतरतात. आपण पुण्याचे संशोधक असून या भागात प्रथमच येत आहोत, असे ते सांगतात. जुनी भांडी, जुनी खापरे यांविषयी चौकशी करतात. चार दिवसांनी एका घरातील पिढीजात तांब्याची घागर नाहीशी होते. ग्रामपंचायत शोधसमिती नेमते. समितीच्या अध्यक्षपदावरून वाद होतो, म्हणून दोन उपसमित्या नेमल्या जातात. घागरीचा विषय तिसऱ्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली जातो. इकडे पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्यांनी पस्तीस वर्षे गावाच्या पत्त्यांचे अक्षर वाचले आहे, शांतपणे विचार करीत असतात.

त्यांना उत्तर कशावरून सापडते? आठवडे बाजारातील एका वाक्यावरून. संशोधक भाजीवाल्या आजीशी घासाघीस करतात. सहा भाज्यांचे भाव विचारतात, प्रत्येक भावावर उसासा टाकतात आणि अखेरीस एक लिंबू घेतात. त्या ओघात त्यांच्या तोंडून निघते, “काय भाव शे?” जो माणूस या भागात प्रथमच आला, त्याच्या जिभेवर ‘शे’ कोठून आले?

६.४ हसू आणि सुगावा

वरील प्रसंगाचे तंत्र समजून घेणे महत्त्वाचे आहे. रहस्यकथेचा पहिला करार असा की, शोधकाला मिळालेला प्रत्येक सुगावा वाचकालाही मिळाला पाहिजे. तरीही त्याचे त्याकडे दुर्लक्ष व्हावे. गंभीर रहस्यकथेत हे काम भीती किंवा घाई करते. विनोदी रहस्यकथेत ते हसू करते. सहा भाव आणि एक लिंबू यावर वाचक हसतो आणि ‘शे’ त्याच्या डोळ्यांखालून निघून जाते. भाजीवाली आजीही अहिराणीच बोलत असल्यामुळे तो शब्द त्या पानावर उपरा वाटत नाही.

येथे थोडी भाषावैज्ञानिक माहिती आवश्यक आहे. अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘गावात’ऐवजी ‘गावमा’, ‘आहे’ऐवजी ‘शे’ किंवा ‘से’ अशी रूपे आढळतात. स्थलपरत्वे त्यांत फरक पडतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांसोबत केला आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली नोंदल्या गेलेल्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. नंदुरबार जिल्ह्यात अहिराणीच्या जोडीला भिल्ली, पावरी आणि गुजर समाजाची बोलीही नांदते. माणूस शब्द जपून निवडू शकतो. प्रत्यय आणि क्रियापदाची रूपे मात्र सवयीने येतात. खोटे बोलणारा पकडला जातो तो बहुधा अशा लहान व्याकरणिक रूपांत. म्हणून बोली हा या प्रकारच्या कथेतील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे.

आता याच प्रसंगाची दुसरी मांडणी पाहा. समजा, लेखकाने आजीचे बोलणे हेच विनोदाचे लक्ष्य केले. ती ‘शे’ म्हणते आणि निवेदक वाचकाला डोळा मारतो. काय होईल? वाचकाची नजर नेमकी त्या शब्दावर खिळेल आणि सुगावा उघडा पडेल. बोलीला हसण्याने बोलणाऱ्यांचा अवमान होतो हे आपण जाणतोच. या कथाप्रकारात त्याने रहस्यही बिघडते. विनोद माणसाच्या लोभाचा, पदाच्या हव्यासाचा, समितीच्या सोसाचा करावा. त्याच्या क्रियापदाचा करू नये.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी अशीच एक कथा लिहिली होती. तीत हवालदार अहिराणी बोलतो आणि प्रत्येक वाक्याला हशा मिळेल अशी माझी खात्री होती. संपर्क सत्रात मी ती वाचून दाखवली. हशा मिळालाही. एस. टी. आगारात नोकरी करणारे एक विद्यार्थी मात्र हसले नाहीत. सत्र संपल्यावर त्यांनी विचारले, “सर, यात पुण्याचा पाहुणा एकदाही का चुकत नाही?” मी भाषाविज्ञानाचा अध्यापक, कोणतीही बोली अशुद्ध नसते हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिणारा. माझ्या कथेतील प्रमाण भाषा बोलणारी सर्व पात्रे शहाणी होती आणि बोली बोलणारी सर्व पात्रे बावळट. ही गोष्ट मला लिहिताना दिसली नव्हती. ती कथा मी पाठवली नाही.

६.५ संपादकाविना लेखक

प्रस्थापित प्रकाशनसंस्थेत असा प्रश्न विचारणारा संपादक असू शकतो. स्वतंत्र लेखकाला तो स्वतःच शोधावा लागतो. हस्तलिखित छापण्यापूर्वी किमान दोन वाचकांना द्यावे : एक, जो ती बोली घरी बोलतो, दुसरा, ज्याला ती मुळीच येत नाही. पहिला रूपांतील चुका आणि स्वरातील तुच्छता सांगेल, दुसरा अर्थ कोठे अडतो ते सांगेल. प्रमाण मराठीच्या लेखनाचे नियम उपलब्ध आहेत, बोलीच्या लेखनाची मात्र व्यवस्था आपणच लावावी लागते. ‘शे’ की ‘से’, हे एकदा ठरवून वहीत नोंदवावे आणि पूर्ण पुस्तकात तेच ठेवावे. आपल्या उदाहरणात तर एका अक्षराच्या विसंगतीने वाचक भलत्याच माणसावर संशय घेईल.

संगणकावर मजकूर तयार करताना तो युनिकोडमध्येच असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर छापील पुस्तकात निर्दोष दिसतो, परंतु ई-पुस्तकात त्याची निरर्थक चिन्हे होतात. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून वाचता येऊ लागली, आणि तेथे लेखक आपले पुस्तक स्वतः चढवू शकतो.

छापील पुस्तकाचा हिशेब मात्र कागदावर मांडूनच पुढे जावे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पुस्तक १६० पृष्ठांचे, म्हणजे सोळा पृष्ठांचे दहा फर्मे. छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन मिळून ३०० प्रतींना ३०,००० रुपये लागले असे मानू. किंमत २२० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे १३२ रुपये येतात. २२८ प्रती विकल्या जातील तेव्हा खर्च भरून निघेल. थेट विक्री केल्यास हीच संख्या १३७ वर येते. उरलेल्या प्रती पलंगाखाली राहतात आणि घरातील माणसे त्यांविषयी अधूनमधून विचारतात. मालिकेचा व्यावहारिक लाभ येथे कळतो. दुसरे पुस्तक आवडलेला वाचक पहिल्याची मागणी करतो.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवावयाची असते. स्वतः प्रकाशित करणारा लेखक हाही प्रकाशकच होय. स्वामित्वहक्क मात्र कृती लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणी बंधनकारक नाही. भारतात तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. ख्रिस्ती यांचे निधन १९७६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कथेचे मराठी रूपांतर करण्यास आज परवानगी लागते. १९३० मध्ये निधन पावलेल्या आर्थर कॉनन डॉइल यांच्या बाबतीत ती लागत नाही.

एक सूचना राहिली. आपले गाव आपल्याच पुस्तकाचे पहिले वाचक असते. गावाचे नाव बदलले तरी वाचक खुणा ओळखतात आणि प्रत्येक जण स्वतःला नव्हे, तर शेजाऱ्याला ओळखतो. एका पात्रात तीन माणसांचे गुण मिसळावेत, व्यवसाय बदलावा, आणि गुन्हेगार रचताना कोणा एका हयात व्यक्तीचा आधार मुळीच घेऊ नये. मानहानीच्या कायद्याचे भय आहेच. त्याहून जवळचे भय असे की, त्याच व्यक्तीच्या दुकानातून आपणांस उद्या साखर आणावयाची असते.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व क्षेत्रीय कार्य

(अ) ६.३ मधील आराखड्यात शोधक म्हणून पोस्टातील निवृत्त बाईंऐवजी भाजीवाल्या आजींना घ्या. कोणते प्रसंग बदलावे लागतील? ‘शे’ हा सुगावा त्यांच्या लक्षात अधिक लवकर येईल की उशिरा, हे कारणांसह लिहा.

(आ) आपल्या वाचनातील एक ग्रामीण विनोदी कथा निवडा. तीत प्रमाण भाषा बोलणारी आणि बोली बोलणारी पात्रे वेगळी काढा. कोण फसतो, कोण फसवतो, कोणाचा निर्णय बरोबर ठरतो, याचे टिपण सुमारे २०० शब्दांत करा.

(इ) क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील बसस्थानक, चहाचे दुकान किंवा आठवडे बाजार येथे पंधरा मिनिटे थांबा. ज्यांचे बोलणे टिपणार आहात त्यांना आधी सांगा. बाहेरून आलेल्या माणसाला सहज जमणार नाहीत अशी पाच व्याकरणिक रूपे नोंदवा, त्यांपैकी एका रूपावर आधारलेला बाजारातील संवाद ३०० शब्दांत लिहा आणि तो ज्याची ती बोली आहे अशा व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा. ती व्यक्ती कोठे हसली आणि कोठे हसली नाही, याची नोंद संवादासोबत अभ्यासकेंद्रात सादर करा.