मोटारसायकलवरील कॅमेरा : निवड, बांधणी व विवेक

हल्ली घाटरस्त्याने जाणाऱ्या पुष्कळ मोटारसायकलींवर मुठीत मावेल एवढा एक लहानसा कॅमेरा बसविलेला दिसतो. यास ॲक्शन कॅमेरा असे म्हणतात. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना याचे मोठे आकर्षण वाटते. आणि हा खर्च करावा की करू नये, ही वस्तू सुरक्षित आहे की नाही, असे प्रश्न पालकांस पडतात. यास्तव या यंत्राची रचना कशी असते, ते कसे पारखावे व कोठे बसवावे, याचा थोडा पद्धतशीर विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कॅमेऱ्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे निक वुडमन यांनी २००२ साली गो-प्रो ही कंपनी काढली. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यास स्वतःचे चित्र घेता यावे, हा त्यांचा मूळ हेतू. २००४ साली निघालेला त्यांचा पहिला कॅमेरा मनगटास बांधावयाचा असून त्यात ३५ मिलिमीटरची साधी फिल्म घालावी लागे. पुढे चलच्चित्रे घेणारे कॅमेरे आले आणि हे साधन लाटांवरून डोंगरावर व डोंगरावरून रस्त्यावर आले.

कोणी विचारील की, खिशात मोबाइल असता निराळा कॅमेरा कशास हवा? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर ते सेकंदास ५० फेरे होतात, व तितकेच हादरे हँडलपर्यंत पोहोचतात. पुष्कळ मोबाइलांत चित्र स्थिर राखण्यासाठी भिंग सूक्ष्म चुंबकीय यंत्रणेवर हलते ठेवलेले असते. मोठ्या मोटारसायकलींच्या हादऱ्यांनी ही यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपल कंपनीनेच २०२१ साली आपल्या ग्राहकांस दिली. ॲक्शन कॅमेऱ्याचे भिंग बहुधा अचल असते. त्यातील गतिमापक कॅमेरा किती कलला हे क्षणोक्षणी मोजतो, आणि चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेली चौकट विरुद्ध दिशेस सरकविली जाते. म्हणून चित्र स्थिर भासते.

आता निवड. दुकानात गेल्यावर आकड्यांचा भडिमार होतो; त्यांतील कामाचे आकडे थोडेच आहेत. चार-के म्हणजे ३,८४० गुणिले २,१६० बिंदूंचे चित्र. १,९२० गुणिले १,०८० बिंदूंच्या चित्राहून ते चौपट मोठे असते, म्हणून कडा कापल्या तरी पुरेसा तपशील शिल्लक राहतो. याहून मोठ्या आकड्याची विद्यार्थ्यास गरज नाही. त्यापेक्षा सेन्सरचा आकार, बॅटरी बदलता येणे, हातमोजे घालूनही दाबता येईल असे बटण आणि पाण्यापासून रक्षण या गोष्टी अधिक महत्त्वाच्या होत. सेन्सर मोठा असल्यास संध्याकाळच्या अंधुक उजेडातही चित्र बरे येते.

मेमरी कार्डाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. कॅमेरा सेकंदास ६० मेगाबिट माहिती लिहीत असेल, तर आठाने भागता ७.५ मेगाबाइट होतात. म्हणजे मिनिटास ४५०, व तासास २७ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड सव्वादोन तासांहून थोडे अधिक पुरेल. कार्डावर व्ही-३० अशी खूण असावी. सेकंदास निदान ३० मेगाबाइट अखंड लिहिण्याची हमी, असा तिचा अर्थ आहे.

मांडणीत पहिली गोष्ट चित्रांच्या वेगाची. आपल्या देशातील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने तिच्यावरील पुष्कळ दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतात. म्हणून सेकंदास २५ किंवा ५० चित्रे घ्यावीत. ३० किंवा ६० घेतल्यास रात्री दिव्यांचा प्रकाश थरथरलेला दिसतो. दुसरी गोष्ट शटरची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदास सुमारे १६.७ मीटर पुढे सरकते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरते उघडे राहिले, तर तेवढ्यात वाहन ३३ सेंटिमीटर जाते व रस्त्याकडेची झाडे पुसट होतात; पाचशेव्या भागापुरते उघडल्यास अंतर ३.३ सेंटिमीटरच भरते. दिवसा कॅमेरा आपण होऊनच लहान काळ निवडतो, म्हणून शटर स्वयंचलित ठेवावे. आय-एस-ओची कमाल मर्यादा मात्र दिवसा ४०० व रात्री १,६०० च्या आसपास बांधून द्यावी. तिसरी गोष्ट रुंदीची. अतिरुंद दृश्यात पुढील वाहन आहे त्याहून दूर दिसते व कडेच्या रेषा वाकतात. त्यासाठी लिनियर नावाची योजना असते, ती निवडावी.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो : कॅमेरा बसवावा कोठे? शिरस्त्राणाच्या हनुवटीवरून चित्र सर्वांत सुंदर येते, हे खरे आहे. स्वाराचे पाय, पाठ व मान हादरे शोषून घेतात, आणि दृष्टी वळेल तिकडे कॅमेरा वळतो. परंतु शिरस्त्राण मुद्दाम गुळगुळीत व गोल केलेले असते. पडताना ते रस्त्यावरून घसरावे, अडकू नये, हा त्याचा हेतू. त्यावर कठीण वस्तू पुढे आलेली असेल तर ती अडकून मानेस पीळ बसण्याचा संभव आहे. शिवाय डिंकातील व साफ करण्याच्या द्रवातील रसायने काही कवचांस अपाय करतात. आणि भोक पाडणे म्हणजे तर शिरस्त्राण निकामी करणेच होय. केरळ राज्याच्या मोटार वाहन खात्याने २०२२ साली शिरस्त्राणावर कॅमेरा लावण्यास मनाई केली, ती याच विचाराने. सारांश, जेथून चित्र उत्तम तेथेच धोका अधिक. असा पेच पडल्यास चित्राने माघार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा कॅमेरा वाहनावरच बसवावा. हँडलच्या टोकाकडे वा आरशाच्या दांडीवर हादरे फार. मध्यभागी, जेथे नळी जाड असते, तेथे ते कमी. धातूचा आखूड पकड-स्क्रू वापरावा व खाली रबराची पट्टी घ्यावी. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून ब्रेकची तार कोठे अडत नाही ना, आणि वेगमापक झाकला जात नाही ना, हे पाहावे. कॅमेऱ्यास बारीक दोरीची दुसरी बांधणीही असावी. चित्रात वाहनाचा भाग फार येऊ देऊ नये, कारण बाहेरचे जग स्थिर केले की तोच भाग थरथरताना दिसतो.

आमच्याकडे पावसाळ्यात ताम्हिणी घाटात जाण्याची मोठी हौस. तेथे दोन अडचणी येतात. काचेवर थेंब बसतात, आणि दमट हवेने आतून धुके धरते. निघण्यापूर्वी कोरड्या खोलीतच झाकण बंद करावे आणि पावसात ते उघडू नये. पुष्कळ कॅमेरे १० मीटर खोल पाण्यातही टिकतात. पण झाकण पक्के असेल तेव्हाच. चालता चालता बॅटरी भरण्यासाठी झाकण उघडे ठेवल्यास हे रक्षण संपते. उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते. उभ्या वाहनावर उन्हात चालू ठेवलेला कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून थांबताच तो बंद करावा.

तारीख व वेळ अचूक लावणे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अपघात घडल्यास हेच चित्र साक्ष ठरू शकते. अशा वेळी मूळ फाइल काटछाट न करता जपावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये असा पुरावा देताना प्रमाणपत्रही जोडावे लागते. मात्र ही साक्ष निःपक्षपाती असते. दुसऱ्याची चूक जशी ती दाखविते, तशी आपलीही दाखविते.

विद्यार्थिमित्रांनो, एक शेवटचे गणित सोडवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना कॅमेरा चालू आहे की नाही हे पाहण्यास स्वाराने दोनच सेकंद मान खाली घातली, तर तो किती मीटर आंधळा चालला? उत्तर ३३ मीटर. एवढ्या अंतरात शाळेतून घरी निघालेले एखादे मूल रस्ता ओलांडू लागलेले असू शकते. म्हणून कॅमेरा उभ्या वाहनावरच चालू करावा, आवाजाने खात्री करून घ्यावी, आणि पुढील थांब्यापर्यंत त्याचे अस्तित्व विसरून जावे. तो प्रवासाचा साक्षी आहे, त्यास सारथी करू नये. जो स्वार पाहणाऱ्यांच्या वाहवेसाठी वेग वाढवितो, त्याच्या हातातील हँडल परक्याच्या हाती गेले, असेच समजावे.

पालकांसही एक विनंती आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९९-अ कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाचे भय हे कारण गौण आहे. मुलाने कॅमेरा मागितल्यास त्यास प्रथम आय-एस-आय खुणेचे, डोक्यास नीट बसणारे शिरस्त्राण घेऊन द्यावे. परवाना मिळेपर्यंत सायकलवर या कॅमेऱ्याचा अभ्यास उत्तम होतो. वर सांगितलेले सर्व नियम तेथेही लागू आहेत. चित्र पुन्हा घेता येते. परमेश्वराने दिलेले दोन डोळे व एक जीव यांची दुसरी प्रत कोणत्याही कार्डावर मिळत नाही.